तानूसाठी भरलेली टेप

एडविन : चार्ल्सने तुला दुकानातच सांगितलं होतं. "वहिनी, बीटाचं व्हिडिओ मशीन घेऊ नका. चित्र चांगलं दिसेल, पण उद्या ती टेप लावणारं घर शोधत फिराल." आणि तू काय म्हणालीस त्याला?

उर्सुला : मला आठवतंय, एडविन.

एडविन : "चार्ल्सभाऊ, मला माझ्या मुलीचा चेहरा स्वच्छ दिसायला हवा, घरं कोण शोधतंय?" अख्ख्या दुकानासमोर. तो सेल्समनसुद्धा हसला.

उर्सुला : केरबाभाऊ समोर बसलेत. सुट्टीचा एक शुक्रवार मिळतो माणसाला, तर या उन्हात दोह्याबाहेरच्या मुऐदरहून आलेत. आधी त्यांचं ऐकू दे. भाऊ, पाणी आणखी घ्या. टेप परत कशी आली?

केरबा : गेली तशीच आली, ताई. आमच्या खोलीतल्या शहाजीनंच सुट्टीला जाताना नेलती, त्यानंच काल आणली. म्हनला, केरबा, मशिनीनं घेतलीच न्हाय.

उर्सुला : घेतली नाही म्हणजे?

केरबा : आटपाडीचा व्हिडिओवाला गावात आनला हुता. टीव्ही, मशीन, समदं जीपगाडीतनं. देवळाम्होरं मांडलं. केरबा दिसनार म्हनून सारं गाव चटया घेऊन आलं. आन टेप घातली तर आत जाती, पर बसंना. चाळा करून बघितला त्यानं, पेचकस घातला. मग म्हनला, ही टेप हितली न्हाय.

एडविन : बघ. पेचकस घातला.

उर्सुला : बीटाची टेप लहान असते, भाऊ. त्याचं मशीन व्हीएचएसचं असणार.

केरबा : पर फीत तर तीच न्हवं आतली? काळीच?

एडविन : फीत तशीच. पण दोन जावांसारखं आहे ते, केरबा. एकीचं भांडं दुसरीच्या चुलीवर चढत नाही. दोघी म्हणतात माझीच चूल चांगली. आणि आपण मधल्यामध्ये उपाशी. आमच्याच लग्नाचं घ्या. हिच्या वडिलांनी भाषण केलं होतं, ते मोठ्या स्पूलच्या टेपवर आहे. फिल्म आहे, ती प्रोजेक्टरची. स्पूलचं मशीन मोडलं, प्रोजेक्टर मामाने विकला. हिचे वडील गेले. आता कपाटात सगळं आहे आणि ऐकायला काही नाही.

उर्सुला : ते आत्ता कशाला?

एडविन : काही नाही. बोललो.

उर्सुला : भाऊ, तुमची तानू होती तिथे?

केरबा : म्होरंच बसलेली. माझ्या बायकूनं, सत्यभामानं, तिला खुनेनं सांगितलं हुतं, बाप दिसंल म्हनून. मिशीला पीळ द्यायचा, ही माझी खून. तानूनंच पाडली ती, ल्हान हुती तवा. तर मिशीला पीळ दिला आन टीव्हीकडं बोट दावलं. पोर बघत बसली. टीव्हीत नुसत्या मुंग्या. लोक उठलं, चटया गुंडाळल्या. ही आपली बसलेली. मग उठून कुठनं तरी झेंडूची दोन फुलं आनली आन टीव्हीवर ठेवली.

एडविन : फुलं कशाला?

केरबा : फोटूला घालत्यात न्हवं, तशी.

उर्सुला : कुणाच्या फोटोला, भाऊ?

केरबा : जरा पानी घेतो, ताई.

उर्सुला : केरबाभाऊ, आम्ही टेप भरली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणाला होतात की पोरीला ऐकू येत नाही, सगळ्यांच्या कॅसेटी गावाला जातात आणि तिला काही मिळत नाही. आणखी काही आहे का?

केरबा : तवा मलाबी कुठं ठावं हुतं, ताई? काल कळलं. सत्यभामानं शहाजीसंगं क्यासेट भरून धाडली. आमच्या खोलीत क्यासेट आली की समदेच ऐकत्यात. एकाची बायकू बोलाय लागली की बाकीचे गप बसून ऱ्हात्यात. तर ती आधी म्हशीचं बोलली, पावसाचं बोलली. आन मग म्हनली, "अवं, पोर माझं कुकू पुसती."

एडविन : काय करते?

केरबा : कुकू पुसती. रोज. सत्यभामा कपाळाला लावती, पोर पदरानं पुसून टाकती. बांगड्या वढती हातातनं. आधी वाटलं खेळती. मारली बी तिला. मग ध्यानात आलं. पोरीला वाटतंय, मी मेलो.

उर्सुला : देवा.

केरबा : मी निगालो तवा पाच वरसाची हुती. समद्यांनी तिला वर बोट दावलं. बाप इमानात गेला, वर गेला. फुडं माझी आई गेली, बायडाबाई. तवाबी तिला वरच बोट दावलं. आजी वर गेली. आता पोरीनं काय समजायचं? आन म्या हितनं फोटू धाडला, बसम्होरं हुबा ऱ्हायलेला. सत्यभामानं हौसेनं काच घालून आईच्या फोटूशेजारी लावला. आईला हार, मला न्हाय. तर पोरीनं मलाबी वोवून घातला.

एडविन : कुणी सांगत कसं नाही तिला?

केरबा : कशानं सांगायचं, सायेब? तिच्या खुना हैत त्या तिला आन मला ठाव्या. मी जनावरं घेऊन रानात जायचो, ही पाठीवर. तितं आमचं बोलनं. सत्यभामाला जेव, झोप, ये, एवढंच येतंय. "जिता हाय" कसं दावायचं? शहाजी म्हनत हुता, आता ती मिशीची खूनबी करंना. दुसऱ्यानं केली तर तोंड फिरवती.

उर्सुला : एडविन, ऐकतोयस ना?

एडविन : ऐकतोय. तू ते टाळी वाजवणं थांबव आधी.

उर्सुला : मी कुठे वाजवली?

एडविन : आत्ता. आग्नेस दारातून गेली तेव्हा तिच्या पाठीमागे. केरबा, तुम्ही पहिल्यांदा तानूचं सांगितलंत ना, तापात कान गेले म्हणून, तेव्हापासून ही आमच्या पोरीमागे टाळ्या वाजवत फिरते. परवा पोरगी वळून म्हणाली, "ममा, आय कॅन हिअर यू!"

केरबा : वाजवू द्या, सायेब. आमी न्हाय वाजवली. दीड म्हैना आमाला वाटत हुतं, पोर रुसलीया.

उर्सुला : भाऊ, तुम्हीच नाही का जाऊन येऊ शकत? आठ दिवस तरी?

केरबा : सुट्टी फुडल्या साली. तेलाचा भाव उतरल्यापासनं कंपनी मानसं कमीच कराय बघती. मदी कोन गेला की त्याला परत बोलावत न्हायती. दोघं गेलं, खलास. आन मिरजेला मुक्या पोरांची शाळा हाय, तितं तिला ठेवायची तर मी हितं पायजे. हितं हाय म्हनून तिला मेलेला, आन तितं गेलो तर शाळा गेली.

एडविन : मुंबईला बीटा मिळेल. आमच्या वसईतसुद्धा एकाकडे आहे. तानूला तिथे आणली तर?

केरबा : सत्यभामा इट्याच्या बाजाराफुडं कवा गेली न्हाय, सायेब. तुमी टेपच तिकडं चालंल आशी करून द्या. पोपटराव उद्या सकाळच्या इमानानं चाललाय, आमच्या शेजारच्या गावचा. त्याच्यानंतर कोन न्हाय, पार दिवाळीपातुर.

उर्सुला : नवीनच भरली तर? परत शूटिंग करू.

एडविन : कॅमेरा शेजारच्या डॉक्टरांचा होता. ते गेल्या महिन्यात कायमचे गेले, कॅमेऱ्यासकट. लग्नाची शूटिंग करणारे आहेत, पण शुक्रवारी शटर उघडतं का कुणाचं? आणि उघडलं तरी आज म्हटलं की आज येणार?

उर्सुला : मग याच टेपची कॉपी. आपलं बीटा, आणि एक व्हीएचएस मशीन. दोन्ही जोडायची.

एडविन : व्हीएचएस कुणाकडे आहे माहितीये ना तुला?

उर्सुला : चार्ल्सकडे.

एडविन : तो जिना चढतानाच सुरू करेल. मी म्हटलं होतं ना, मी म्हटलं होतं ना.

उर्सुला : म्हणू दे. शंभरदा म्हणू दे. मी त्याला जेवायला वाढीन आणि समोर बसून ऐकून घेईन. तू गाडी काढ. यल्ला, चल लवकर.

(दुपार. चादरीत गुंडाळून आणलेलं चार्ल्सचं मशीन टीव्हीखाली उर्सुलाच्या मशीनशेजारी ठेवलं आहे. चार्ल्स मशीन देऊन घरी गेला आहे. आग्नेस आत झोपली आहे.)

एडविन : बोलला की नाही तो? बोलला.

उर्सुला : बोलला, आणि वायरीसुद्धा स्वतःच्या दिल्या. कॉपी करायच्या आधी एकदा नुसती लावून बघ. पेचकस घातला होता त्यांनी.

एडविन : लावतो. केरबा, पुढे बसा. हं... आली.

केरबा : ह्ये काय आडवं आडवं?

एडविन : फीत चुरगळली आहे. हेड साफ करून बघतो. थांबा.

उर्सुला : आता?

एडविन : तेच. सुरुवातीची सगळी गेली.

केरबा : सुरवातीलाच तर म्या बोललोय तिच्याशी. मिशीचं, म्हशीचं, मी येनार हाय त्याचं. हात धरून धरून सावकाश केलंय. ताईनी चारदा कराय लावलं.

उर्सुला : पुढे ने ना. पुढे काहीतरी असेल.

एडविन : पुढे काय आहे? तुम्ही झालं म्हणालात, मी कॅमेरा टेबलावर ठेवला...

उर्सुला : आणि बंद करायला विसरलास! आपण जेवायला बसलो होतो. थांब, थांब. ते बघ!

केरबा : ह्यो मी हाय व्हय?

एडविन : तुम्हीच. काय स्वच्छ आलंय! काही म्हण, बीटाचं चित्र...

उर्सुला : गप बस. भाऊ, तुम्ही जेवताय. डाळभात. मिरची लागली बघा, पाणी मागताय. पुढचं अख्खं जेवण आहे यात.

केरबा : आरं द्येवा. मिशी बी भरलीया डाळीनं.

उर्सुला : पण हेच तर पाहिजे! फोटोपुढे ताट ठेवलेलं तानूने पाहिलंय ना? आजीचं?

केरबा : दर अमावाशेला.

उर्सुला : मग तिने हेही पाहिलंय, की फोटोतली माणसं ते जेवत नाहीत. तुम्ही जेवताय, भाऊ. ठसका लागलाय तुम्हाला. तिला खूण लागणारच नाही. ती बघेल आणि...

एडविन : उर्सुला.

उर्सुला : काय?

एडविन : मांडीवर बघ.

उर्सुला : ही कधी येऊन बसली?

केरबा : आग्नेसबाळ हाय ती. त्या दिशी आपली येऊन बसली मांडीवर.

एडविन : पहिल्या घासापासून आहे. सगळ्या जेवणभर.

उर्सुला : तिला भरवताय तुम्ही. भाताचा गोळा करून, फुंकर घालून.

केरबा : हाताची सवय, ताई. तानूला आसंच लागायचं.

उर्सुला : तिला असंच भरवायचात तुम्ही? हे असंच, फुंकर घालून?

केरबा : व्हय.

उर्सुला : बंद कर, एडविन.

एडविन : का?

उर्सुला : बंद कर आधी. भाऊ, मी एका आईसारखं बोलते, रागावू नका. सात वर्षांची मुलगी आहे ती. तिला सांगणारं कोणी नाही. तिला दिसणार काय? बाप आहे, आणि त्याच्या मांडीवर दुसरी मुलगी आहे. तिच्या जागेवर. तिचा घास तिला देतोय. ती काय समजेल? बाप मेला नाही, बाप दुसरीचा झाला. आपल्याला टाकून दुसऱ्या घरी गेला.

एडविन : कापता येईल थोडं. आग्नेस नसेल तेवढंच घ्यायचं.

उर्सुला : किती आहे तसं?

एडविन : शेवटी ते हात धुवायला उठतात. पाठ दिसते. मग दार.

उर्सुला : पाठ. म्हणजे परत जाताना.

एडविन : मग दिवाळीपर्यंत थांबू. तोवर मी कॅमेरा मिळवतो, चांगली भरू, नीट भरू.

उर्सुला : थांबावंसं मलाही वाटतं. माझ्या मुलीने असं काही पाहिलं असतं तर... एडविन, ती तिथे देवळापुढे सगळ्यांसमोर बघणार आहे हे. लोक हसतील. म्हणतील, केरबाने तिकडे संसार मांडला.

केरबा : लोक म्हनतीलच. लोकांचं सोडा.

उर्सुला : लोकांचं सोडलं. तानूचं सांगा.

केरबा : मला जरा इचार करू द्या, ताई.

एडविन : घ्या वेळ. चहा टाकू का?

केरबा : नगं. ताई, मेलेल्या मानसावर पोर रागवतंय का हो?

उर्सुला : म्हणजे?

केरबा : माझी आई मेली तवा तानू रागावली न्हाय. फुलं घातली, गप बसली. पर मी एकदा बाजारातनं हिच्यासाठी न आनता पुतन्याला भोवरा आनला हुता, तर दोन दिस माझ्याकडं बघितलं न्हाय. दगूड मारला मला. ह्यो बघा वन, कानाम्हागं. मला दगूड मारू दे, ताई. फुलं नगंत.

उर्सुला : ती तिच्या आईवर काढेल राग.

केरबा : काढंल. सत्यभामा सोशील. आता तरी काय सुखात हाय ती? दिवाळीपातुर पोर मला इसरून जाईल. तोंड इसरंल, खुना इसरंल. मग म्या घरी गेलो तर तिला भूत दिसंल म्होरं. त्यापरीस बाप वाईट हाय पर हाय, आसं वाटू दे. मी येईन तवा भांडू आमी दोघं. इन्शाल्ला.

एडविन : उर्सुला?

उर्सुला : मला विचारू नकोस. मुलगी त्यांची आहे.

केरबा : भरा, सायेब. समदी भरा. काय कापू नगा.

एडविन : बरं. तिकडून प्ले, इकडे रेकॉर्ड. चित्राची वायर लावली. आवाजाची लावू? आवाजात नुसती आग्नेसची बडबड आणि तुझं "भाऊ, भात वाढू का" आहे.

उर्सुला : थांब. आवाजाच्या जागी दुसरं काही घालता येतं का?

एडविन : येतं की. ही वायर टू-इन-वन टेपरेकॉर्डरला लावायची, त्याच्या माईकमध्ये बोललं की ते टेपवर जाईल. पण कुणासाठी? तिला ऐकू येत नाही.

उर्सुला : तिच्याभोवती बसलेल्यांना येतं ना? त्यांना सांगायला हवं. भाऊ, तुम्ही बोला.

केरबा : माझं काय खरं न्हाय आज. तुमी बोला. तुमचं ऐकतील, शिकल्याली बाई हाय म्हनून.

उर्सुला : माझ्या मराठीला हसतील ते.

केरबा : हसू द्या की. ऐकतील तरी.

एडविन : तयार? मी बोट वर केलं की सुरू कर. जेवण संपेपर्यंत वेळ आहे तुला. हं.

उर्सुला : नमस्कार. मी उर्सुला, दोह्याहून बोलते आहे. हा आवाज तानूसाठी नाही, तुमच्यासाठी आहे, तुम्ही जे कोणी टीव्हीपुढे बसला आहात. समोर जेवतायत ते केरबाभाऊ. आत्ता ते माझ्या शेजारी उभे आहेत, तब्येत बरी आहे, थोडे वाळलेत. मांडीवर आहे ती माझी मुलगी. तिचे वडील तिला आहेत. केरबाभाऊंनी तिला जे भरवलं ते तानूच्या आठवणीने, मी समोर होते, मी पाहिलं आहे. कुणाला हे तानूला सांगता आलं तर सांगा. नाही आलं तर निदान हसू नका. तिला पुढे बसू द्या, तिच्यासमोर कुणी उभे राहू नका. तिने रडायला सुरुवात केली, काही फेकलं, तर तिला धरू नका, मारू नका. तिच्या वडिलांनी तसं सांगितलं आहे. आणखी एक. जेवण झालं की ते हात धुवायला उठतील आणि चित्र बंद होईल. तुम्ही चटया उचलून घरी जाल, व्हिडिओवाला मशीन घेऊन जाईल. सत्यभामावहिनी आणि तानू दोघीच घरी जातील. त्या रात्री काय होईल मला ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तरी सांगते. तुमच्यातल्या कुणी तरी, कुणीही, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी जा. कामाचं निमित्त काढा, ताक मागायला जा. तानू उठली का बघा, जेवते का बघा, आणि इकडे येणाऱ्या कुणाजवळ तेवढा निरोप द्या. मला इथून काही दिसत नाही.